मशिदीपुढचा शिरा

सातव्या महिन्यातच लेक बाळंत झाली आणि मी लोणावळ्याहून जी निघाले ती थेट तुर्कस्तानात. बाळंतपणाला जायचं म्हणून व्हिसा आधीच काढून ठेवला होता, म्हणून बरं. नाहीतर इथंच डोकं आपटत बसले असते. बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा, धुरीसाठी ओवा आणि वावडिंग, आणि माझ्या जुन्या लुगड्यांची धुवून धुवून मऊ केलेली दुपटी. विमानतळावरच्या पोरीनं ओव्याची पुरचुंडी उघडून हुंगली आणि माझ्याकडं असं काही बघितलं की मी म्हटलं, घे बाई, तुझंही पोट दुखत असेल तर घे चिमूटभर.

तिथं जाऊन बघते तर माळीश करायला बाळच नाही! ते शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत, नाकातोंडात नळ्या घालून ठेवलेलं. आणि लेक इकडं घरी, त्या लहानशा गावात, खाटेवर. तिचे टाके पिकले होते, अंगात ताप होता, आणि ताप असलेल्या माणसाला त्या पेट्यांच्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. आईच असली तरी नाही. मी आजी, मला तर मुळातच मनाई. आत जायचं ते फक्त आईबापांनी. म्हणजे जावई एकटाच. तो सकाळी लेकीनं काढून दिलेलं दूध बाटल्यांत भरून घेऊन जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या बाटल्या घेऊन यायचा. मी बाटल्या उकळायचे. एवढंच काम.

जावई आपल्याकडच्याच कारखान्यात इंजिनियर. कंपनीनं दोन वर्षांसाठी तिकडच्या कारखान्यावर धाडलेला. कारखाना हमरस्त्याला, आणि राहायला हे गाव. गाव म्हणजे लोणावळा डोळ्यांपुढं आणू नका. सुट्टीची गर्दी नाही, गाड्यांची रांग नाही, कणसंवाले नाहीत. माझ्या सासरच्या गावी, वडिवळ्याला, भातलावणीच्या दिवसांत याहून जास्त गलका असतो. एक रस्ता, चार दुकानं, एक चहाचं दुकान आणि मधोमध ती मशीद. जावई सांगायचा, उस्मानी सुलतानांच्या काळातली आहे, कुणा सरदारानं बांधलेली. शिशाचा पत्रा मढवलेला घुमट, एकच मिनार, पुढं फरसबंद अंगण, अंगणात हातपाय धुवायचा दगडी हौद आणि त्यावर हा एवढा थोरला चिनार. इतकं जुनं, इतकं देखणं, आणि बघायला कोणी चिटपाखरू नाही. आपल्याकडं असतं तर दारात पन्नास जणांनी सेल्फी काढून वाट अडवली असती.

मी खंडाळ्याच्या बंगल्यांवर स्वयंपाक करते. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या पंगती एकटीच्या हातानं उठवते. नवरा गेला त्याच्या तेराव्यालाही माझ्याच हातचं जेवण होतं, आणि ते मी कुणाला करू दिलं नव्हतं. मला काम द्या, मी मरायची नाही. पण त्या घरात मला कामच नव्हतं. लेकीला खायला घाल, तर ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. पाय चेप, तर म्हणायची, ‘आई, नको गं.’ धुरी द्यायला शेगडी पेटवली तर घरातला धुराचा भोंगा बोंबलायला लागला आणि खालून घरमालकीण धावत वर आली. शेवटी लेक म्हणाली, ‘आई, जरा बाहेर फिरून ये ना. तू समोर आलीस की मला धडधडतं.’

मग मी मशिदीच्या अंगणात जाऊन बसायला लागले. दुसरीकडं बसायला होतंच काय? पहिल्या दिवशी आत जावं की नको, असं झालं. पण मग म्हटलं, आपण पिराला जातोच की. डोक्यावर पदर घेतला, चपला बाहेर काढल्या आणि आत गेले. लाल गालिचा, रंगीत काचांमधून पडलेला उजेड, आणि आवाज म्हणाल तर शून्य. मी भिंतीला टेकून बसले आणि मला रडूच फुटलं. मी रडकी बाई नाही हो. नवरा गेला तेव्हा रडत बसायला वेळ नव्हता मला. पण तिथं कोणी काही मागणारं नव्हतं, कोणाला वाढायचं नव्हतं, मग दुसरं काय करणार? तिथला झाडलोट करणारा म्हातारा आला, चहाचा पेला माझ्यापुढं ठेवून गेला. बिनदुधाचा चहा. तोही मी प्याले.

लेकीशी सगळं खरं बोलायचं नाही, असं जावयानं ठरवलं होतं. मधे एकदा पोराचा श्वास थांबला होता. डॉक्टरांनी पुन्हा सुरू केला. जावयानं मला जिन्यात गाठून सांगितलं आणि म्हणाला, ‘आई, हिला काही बोलू नका.’ मी बोलले नाही. पण त्याचाच चेहरा त्याला फितूर झाला, आणि दोन दिवसांनी लेकीनं ते त्याच्याकडून काढून घेतलंच. तेव्हापासून ती आमच्या दोघांच्या कोणत्याच बोलण्यावर विश्वास ठेवीना. ‘आज बरा आहे’ म्हटलं की माझ्या डोळ्यांत बघत राहायची. मला अगदी चोरासारखं व्हायचं.

अशातच कुरवंड्याहून भावजयीचा फोन आला. कुरवंडं माझं माहेर. भावजय शेतात होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

‘वन्सं, कसं हाय लेकरू?’

‘आहे तसंच आहे गं. काही कळत नाही.’

‘लय काळजी नगा करू. तुमी पिराला बोला की. आमचा थोरला लहानपणी आजारी पडलावता तवा आत्याबाईंनी पिरालाच मलिदा बोलला व्हता न्हवं?’

‘अगं, इथं कुठला आलाय पीर?’

‘तितं मशीद हाय म्हनलावता ना? मंग तितंच बोला. देवाला काय, हितं काय आन् तितं काय!’

आमच्याकडं डोंगरावरच्या पिराला आम्ही सगळे जातो. मराठ्याचं घर असो, ठाकरवाडीतलं असो, पोर आजारी पडलं की पिराला मलिदा. पोळी कुस्करायची, गूळ-तूप घालायचं, तिथं ठेवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर वाटायचं. नवस फेडायचा म्हणजे एवढंच. मी दुसऱ्या दिवशी मशिदीत बसून मनात बोलले, पोर वाचू दे, तुझ्या दारात सगळ्या गावाचं तोंड गोड करीन. लेकीला अर्थातच सांगितलं नाही. तिला नवस-बिवस चालत नाहीत. शिकवलंय ना आम्हीच!

आणि काय सांगू, त्याच आठवड्यात जावयाचा फोन आला. पोरानं नळीतून दिलेलं दूध पचवलं. थेंब थेंबच, पण पचवलं. लेकीचाही ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवसांत तिला बाळाला बघायला येऊ देऊ. माझ्या अंगात वारं संचारलं. नवस पुरता फेडायचा तो पोर घरी आल्यावर, ही रीत मला ठाऊक आहे. पण मला धीर कुठला? म्हटलं, एवढं ऐकलंय त्यानं, तर आज निदान अर्धं तरी देऊन टाकू. त्यात वार शुक्रवार. दुपारी मशीद भरणार.

गूळ काही त्या गावात मिळाला नाही. म्हणून मलिद्याऐवजी शिरा करायचा ठरवला. रवा मिळाला, लोणी मिळालं, साखर होती, वेलदोडे मी घरून नेले होते. लेक झोपली होती. तिला वास जायला नको म्हणून मी सगळं घेऊन खाली घरमालकिणीकडं गेले. ती माझ्याच वयाची, जाडजूड, हसतमुख बाई. तिला माझं एक अक्षर कळत नाही आणि मला तिचं, पण आमचं बरं चालायचं. मी रव्याची पिशवी आणि लोणी दाखवलं आणि तिच्या शेगडीकडं बोट केलं. तिचं हसू एकदम मावळलं. तिनं वर, आमच्या मजल्याकडं हात करून काहीतरी विचारलं. मला वाटलं, शिरा कशासाठी, असं विचारते आहे. मी दोन्ही हातांनी बाळ जोजवून दाखवलं, आणि मग वर आभाळाकडं हात केला. म्हणजे, बाळासाठी, देवाला.

तिनं तोंडावर हात घेतला. मग मला अशी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. डोळ्यांतून तिच्या घळाघळा पाणी. मला इतकं भरून आलं! म्हटलं, परक्या मुलखात एवढी माया कोण करतं? तिनं माझ्या हातातून उलथणं घेतलं आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत स्वतःच रवा भाजायला लागली. मग मी, मग ती, असा आम्ही पाळीपाळीनं तो शिरा केला. नंतर तिनं शेजारणीला हाक मारली, तिनंही येऊन दोनदा ढवळलं. मला गंमत वाटली, पण आवडलंही.

नमाज सुटल्यावर आम्ही चिनाराखाली पातेलं घेऊन उभ्या राहिलो. लोक रांगेनं आले. कोणी खळखळ केली नाही, कोणी नको म्हटलं नाही. प्रत्येकानं हातावर शिरा घेऊन तोंडात टाकला, छातीवर हात ठेवून मला एकच वाक्य म्हटलं, मग ओंजळ पुढं धरून प्रार्थना केली आणि तोंडावरून हात फिरवले. झाडलोट करणारा तो म्हातारा तर माझ्यासमोर उभा राहून रडला. मी प्रत्येकाला हात जोडत होते आणि हसत होते. हो, हसत होते मी! एक-दोन बाया माझ्या हसण्याकडं बघून जास्तच रडल्या. मी मनात म्हणत होते, बघ पोरा, तुझ्यासाठी सगळं गाव उभं राहिलंय.

घरी आले तेव्हा लेक उठून बसली होती. मी तिला वरण-भात दिला. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सगळं ताट खाल्लं, आणि ‘उद्या बहुतेक सोडतील मला आत’ म्हणाली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं तर पाच-सहा बाया, हातांत झाकलेली पातेली, कोणाकडं भात, कोणाकडं रस्सा, कोणाकडं रोट्या. डोक्याला रुमाल, डोळे लाल. मी म्हटलं, या, या. त्या सरळ आत लेकीपाशी गेल्या. घरमालकिणीनं तिचं डोकं छातीशी धरलं आणि दुपारी सगळ्यांनी मला म्हटलेलं तेच वाक्य तिला म्हणाली.

लेकीला त्यांची भाषा थोडीफार येते. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

‘आई,’ ती म्हणाली, ‘ह्या काय म्हणतायत?’

‘मला काय माहीत? तूच सांग.’

‘बाळ गेलं म्हणतायत. आई, बाळ गेल्यावर बोलतात तसं बोलतायत.’

‘काहीतरीच काय! अगं, सकाळीच फोन आलाय, दूध पचवलं त्यानं.’

‘खोटं बोलू नकोस.’

‘तुझी शपथ.’

‘त्या दिवशी पण तू गप्प राहिली होतीस.’

मी जावयाला फोन लावला. लागेना. त्या खोलीत जाताना फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं, तरी पुन्हा पुन्हा लावत राहिले. लेकीनं माझ्या हातातून फोन ओढून स्वतः लावला. बाया तिला धरून बसल्या होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि जितका हात फिरवत होत्या तितकं तिला पटत चाललं होतं. मी मराठीत ओरडत होते, ‘अहो, जिवंत आहे! जिवंत आहे तो!’ त्यांना वाटलं असेल, बिचारी आजी, दुःखानं डोकं फिरलंय. एकीनं मला पाणी आणून दिलं.

लेक उठली. टाके ओले, अंगात त्राण नाही, पायात चपला तशाच उलट्यासुलट्या अडकवल्या आणि जिना उतरायला लागली. घरमालकिणीच्या नवऱ्यानं गाडी काढली. लेक, मी आणि घरमालकीण मागं बसलो. शहर अर्ध्या तासावर. लेक रडत नव्हती. तेच भयंकर होतं. खिडकीतून बाहेर बघत नुसती बसली होती, आणि मधेच म्हणाली, ‘मी त्याला हातपण लावला नाही.’

आणि खरं सांगू? अर्ध्या वाटेत माझाही धीर सुटला. म्हटलं, सकाळचा फोन सकाळचा होता. आता दुपार उलटली. जावई फोन का करत नाही? ह्या बायांना काय वेड लागलंय? कोणाचा तरी मुलगा त्या दवाखान्यात कामाला असेल, त्यानं घरी कळवलं असेल, आणि सगळ्या गावाला माझ्या आधी कळलं असेल. म्हणून तर दुपारी सगळे रडत होते! आणि मी त्यांच्यापुढं हसत उभी होते. लेकीचा हात धरावा म्हटलं तर ती घरमालकिणीच्या खांद्याला टेकली होती. मी माझाच हात धरून बसले.

दवाखान्यात जावई मजल्यावरच्या दारातच भेटला. आम्हाला सगळ्यांना बघून घाबरला. ‘काय झालं? हिला कशाला आणलंत?’

लेक त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग मीच विचारलं, ‘पोर आहे ना?’

‘आहे की. आत्ताच तर दूध दिलं.’

मी तिथंच भिंतीला पाठ घासत खाली बसले. जावई आणि घरमालकीण यांचं त्यांच्या भाषेत काहीतरी झालं. तो आधी चक्रावला, मग माझ्याकडं वळला. ‘आई, तुम्ही मशिदीपुढं शिरा वाटलात?’

‘हो. नवसाचा.’

त्यानं डोळे मिटून घेतले. ‘आई, इकडं घरातलं माणूस गेलं की रव्याचा शिरा करतात. शेजारपाजारच्या बाया मिळून ढवळतात, गेलेल्याच्या नावानं प्रार्थना करतात, आणि मग वाटतात.’

घरमालकिणीला तोवर उलगडा झाला होता. तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, मग माझे दोन्ही हात धरून काहीबाही बोलत सुटली. माफी मागत होती बहुतेक. माफी तिनं मागायची? सुतकाच्या घरात आम्ही तेराव्याशिवाय गोड शिजवत नाही. मी, कुरवंड्याची पोर, माझ्या जित्या नातवाच्या तेराव्याचा घास सगळ्या गावाला माझ्या हातानं वाढून आले होते.

नर्सनं लेकीची दशा बघितली, ताप मोजला, हात धुवायला लावले आणि पाच मिनिटांसाठी आत घेतलं. आम्ही बाहेर बाकावर. ती बाहेर आली तेव्हा पोटाशी हात धरून हळूहळू चालत होती. माझ्याशेजारी बसली.

‘आई, तो रडतोय,’ ती म्हणाली. ‘तोंड उघडतो, सगळा चेहरा लाल होतो, पण आवाज येत नाही. घशात नळी आहे ना.’

‘येईल गं आवाज.’

‘मी सगळ्या रस्त्यात त्याला मेलेला धरून आले.’

‘माझं चुकलं. मला वाटलं, काहीतरी करावं...’

‘तेच,’ ती म्हणाली. ‘तू सारखं काहीतरी करतेस. करण्यासारखं काही नाही आई. नुसतं थांबायचंय. मला तेवढंच जमतंय, आणि तू समोर असलीस की तेही जमत नाही.’ मग खाली बघत म्हणाली, ‘तू आता घरी जा.’

‘जाते ना. तुला तव्यावरची गरम पोळी...’

‘लोणावळ्याला, आई.’

एवढं बोलली, आणि माझ्याच खांद्यावर डोकं टाकून ढसाढसा रडायला लागली. मी तिला हलवलं नाही, थोपटलंही नाही. भीतीच वाटली हात लावायची.

मी आले परत. तिनं जे मागितलं तेवढंच मला देता येण्यासारखं होतं. रोज संध्याकाळी फोन यायचा, ‘तसाच आहे’, आणि मी ‘बरं’ म्हणायचे. एकदा भावजय म्हणाली, ‘वन्सं, नवस ऱ्हायला न्हवं अर्धा?’ तिच्यावर मी अशी खेकसले की तिनं आठवडाभर फोन केला नाही.

पोर वाचलं. पेटीतून निघालं, नळ्या निघाल्या, घरी आलं. त्या दिवशी मी खंडाळ्याला एका बंगल्यावर पोळ्या लाटत होते, बाहेर पाहुणे भुकेनं खोळंबलेले. लेकीनं फोन केला आणि काही न बोलता त्याच्या तोंडाशी धरला. काय बोंबलत होता! नुसता टिपेचा आवाज. मी तो आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

‘अगं, उचल की त्याला!’ मी ओरडले. ‘पोट दुखत असेल, पालथा घाल मांडीवर, पाठ चोळ...’

‘आई,’ ती म्हणाली, ‘काही सांगू नकोस ना. नुसतं ऐक.’

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. मी नुसतं ऐकलं.